ओलं सूत

रिक्षावाल्यानं कोलंबोतल्या मरदानाच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे न बघता म्हणाला, "उतरा."

सुगत मापलगमला वाटलं, पेट्रोल संपलं असेल. "काय झालं हो?"

"काही झालं नाही. तुम्ही उतरा. भाडं नको मला."

"अहो, पण मला इस्पितळात जायचंय."

"ते कळलं. दोरा कापणारे डॉक्टर तुम्हीच ना?" रिक्षावाल्यानं समोरच्या काचेपाशी चिकटवलेल्या इवल्याशा बुद्धमूर्तीकडे बोट केलं. "घरी तीन मुली आहेत, डॉक्टरसाहेब. माझ्या गाडीत ही भानगड नको."

त्याच्या बोलण्यात राग असता तर परवडला असता. रागाशी भांडता येतं, निदान रागाला तोंड असतं. हा माणूस रागावलेला नव्हता. चपलेला घाण लागलेल्या पाहुण्याला उंबऱ्याबाहेर थोपवावं, तितक्या साधेपणानं त्यानं सुगतला खाली उतरवलं आणि निघून गेला. सुगत पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. सकाळचं ऊन आताच चटचटत होतं. खालच्या रुळांवरून सुक्या मासळीच्या पोत्यांचा वास वर येत होता, त्यात गटाराचा, डिझेलचा, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या गोड पावाचा. तो गोड पावाचाच वास त्याला सगळ्यांत असह्य झाला. चौकाच्या पलीकडे, तीन मजली उंच, तो स्वतः उभा होता. नारिंगी पोशाख, काखेत शिरस्त्राण, दात दुधाच्या भुकटीइतके पांढरे, कारण ते दुधाची भुकटी विकणाऱ्यांनीच रंगवून घेतले होते. 'आपला पहिला अंतराळवीर. आपलं पहिलं दूध.' त्या पुठ्ठ्याच्या सुगतच्या उजव्या मनगटावर कुणीतरी नेम धरून पानाची पिंक टाकली होती आणि ती वाळून तपकिरी झाली होती. इतक्या उंचावर पिंक पोचवायची म्हणजे माणूस शिडी घेऊन आला असणार. सुगतनं नकळत स्वतःचं मनगट चोळलं. तिथं आता काहीच नव्हतं, पण ओल्या सुताचा वास अजून येत होता, किंवा येतोय असं त्याला वाटत होतं.

तो चालत निघाला. किळस ही त्याला नवी नव्हती. तिच्या खांद्यावर बसूनच तो इथवर आला होता, म्हटलं तरी चालेल. केगल्लच्या सरकारी इस्पितळामागे परिचारिकांच्या चाळीत तो वाढला. अम्मा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होती. सारं गाव तिला 'मिसी' म्हणायचं, नर्सबाईला तिथं तसंच म्हणतात. ती घरी आली की आधी जंतुनाशकाचा वास यायचा, आणि त्याच्या खाली दुसरा एक, कोमट, गोडसर, माणसाच्या आतला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तो श्वास रोखून धरायचा. ते तिला कळत होतं की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. पुढे तो सर्जन झाला तेव्हा नातेवाईक म्हणाले, आईचं बघून बघून पोराला सेवेची गोडी लागली. गोडी कसली! जगात सगळ्यांत घाण जर काही असेल तर ते माणसाचं पोट, आणि ते उघडून, धुऊन, नासलेलं कापून, पुन्हा नीट शिवून बंद करण्याइतकं स्वच्छ काम दुसरं नाही, एवढंच त्याला कळलं होतं. हिरव्या कापडाच्या चौकोनात फक्त काम दिसायचं. माणूस कापडाखाली झाकलेला असायचा. अंतराळवीर निवडायचे आहेत असं जाहीर झालं तेव्हा त्यानं बायकोलाही न सांगता अर्ज केला. मुलाखतीत देश, विज्ञान, पुढची पिढी असं सगळं ठरलेलं बोलला. खरं कारण एका छायाचित्रात होतं. तरंगणाऱ्या त्या घरातली एक पांढरी खोली, आणि खिडकीत काळं, नितळ, वास नसलेलं आकाश. तिथं कुणाचा हात डोक्यावर येणार नव्हता. त्या खोलीसाठी त्याचा जीव तुटत होता, आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

इरोमीनं, त्याच्या बायकोनं, मात्र बरोबर ओळखलं. "तुला माणसं नकोत, असं सरळ म्हण ना," ती कांदा चिरता चिरता म्हणाली होती. "त्यासाठी रॉकेट कशाला? यालाच्या जंगलात बदली माग. तिथं हत्ती तरी मुकाट असतात."

निवड झाली आणि माणसं नको म्हणणाऱ्यावर माणसांचा डोंगर कोसळला. परदेशच्या तळावरचं शिक्षण परवडलं. तिथं गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून त्याला ओकवलं तरी ओकारीची पिशवी त्याची त्याची असायची. इथं आल्यावर विमानतळापासून हात सुरू झाले. बायका गालाला हात लावायच्या, पोरं बाहीला लोंबकळायची, एका म्हातारीनं त्याचा घामेजला रुमाल मागून घेतला आणि त्याच्यासमोरच नातवाच्या कपाळाला पुसला. मंत्री पियतिस्स वेरगोडा यांच्याकडे अंतराळ, नारळ संशोधन आणि युवक कल्याण अशी तीन खाती होती. त्यांनी तर त्याला हारासारखा गळ्यातच घातला. त्यांच्या ज्योतिष्यानं यानाच्या उड्डाणाचा मुहूर्त तपासला आणि तो राहूकाळात आहे असं कळवलं. परदेशच्या तळानं वेळ बदलायला नकार दिल्यावर ज्योतिष्यानं उदार मनानं राहूलाच थोडं पुढे सरकवलं. सुगत हे घरी सांगून हसला होता. तेव्हा अजून हसू येत होतं.

मग पिरित झाली. रात्रभर भिक्खूंचा परित्राण पाठ, कागदी जाळीचा मंडप, मधोमध पाण्याचा कलश, आणि कलशातून निघून शेकडो हातांतून फिरलेलं पांढरं सूत. पहाटे त्याचे तुकडे करून मनगटाला बांधतात. बांधलेला दोरा कुणी कापत नाही. तो झिजून आपोआप गळायचा, आणि गळला की बोधिवृक्षाच्या बुंध्याशी ठेवायचा. इस्पितळातल्या जुन्या सर्जनांची यावर एक युक्ती असते. ते भंतेंना हात जोडून सांगतात, दंडावर बांधा, आम्हाला कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. भंते हसून दंडावर बांधतात. सुगतनं बाही वर सरकवलीही होती. तेवढ्यात मंत्री कानाशी वाकले. "दंडावरचा दोरा टीव्हीत दिसतो का, डॉक्टर? मनगट पुढे करा." त्यांच्या तोंडाला रात्रभराच्या पानाचा आणि जागरणाचा वास होता. त्या वासापासून लांब व्हायचं म्हणून सुगतनं मनगट पुढे केलं. मंत्र्यांनी भंतेंच्या हातातून दोरा घेऊन आपल्याच हातानं वर आणखी गाठी मारल्या, कॅमेरे थांबेपर्यंत.

त्याच दुपारी तो इस्पितळात आपलं कपाट रिकामं करायला गेला. उड्डाण होईपर्यंत त्यानं सुरीला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. जिन्यातच डॉक्टर रिझवी, त्याचा हाताखालचा सर्जन, धावत आला. "सर, बोरेल्लाला बसनं एका मुलीला उडवलंय. पोट फुगत चाललंय. दुसरं कुणी नाहीय." मुलीचं नाव सेल्वमलर. हॅटनकडच्या चहाच्या मळ्यातली, कोलंबोत एका बंगल्यात धुणीभांडी करणारी. सुगत नळाखाली हात धरून उभा राहिला. साबण, घासणी, पाणी, आणि मनगटावर तो जाड, भिजलेला, गाठीगाठींचा दोरा. सरकवावा तर सरकेना, सोडवावा तर सुटेना. त्यातून पाणी कोपराकडे ओघळत होतं आणि एक आंबूस वास येत होता, शेकडो हातांच्या घामाचा. दारातून रिझवीचा आवाज आला, रक्तदाब पडतोय. सुगतनं ट्रेमधली कात्री उचलली, दोरा कापला, पायानं झाकण उघडून बादलीत टाकला आणि पुन्हा हात धुतले. प्लीहा फाटली होती. ती काढली, रक्त थांबवलं, पोट शिवलं. मुलगी जगली. ते कुणी विचारलं नाही. बादलीचा फोटो मात्र कुणीतरी फोनवर काढला होता. रक्तानं भिजलेले बोळे, आणि त्यांच्यावर पांढरं सूत. संध्याकाळपर्यंत तो फोटो बेटावरच्या प्रत्येक घरात पोचला. सुगतनंही पाहिला. पाहून शिसारी आली, हे त्याला नाकबूल करता येईना.

अम्माचा फोन त्याच रात्री आला होता. "कापलास ते बरोबर केलंस," ती म्हणाली. "बादलीत का टाकलास?"

"अम्मा, मुलगी मरत होती."

"मीसुद्धा कापलेत रे. गॉजच्या तुकड्यात गुंडाळून उशीखाली ठेवायचे. माणूस शुद्धीवर आला की आधी मनगट चाचपतो." मग म्हणाली, "असू दे. मुलगी कशी आहे?" तेवढं तिनं एकटीनंच विचारलं.

आता चालत चालत तो इस्पितळाच्या फाटकाशी आला आणि पहारेकऱ्यानं सलाम न करता नजर फिरवली. वॉर्डात सेल्वमलर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं सिंहली शब्द जुळवत विचारलं, "सर, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसतात ना?" त्यानं पट्टी तपासली, काहीतरी पुटपुटला आणि हात धुवायला गेला. जखमेच्या कडा त्याला तितक्याशा आवडल्या नव्हत्या. मुलगी अशक्त, अंगात रक्त कमी, आणि खोकला लागलेला. रिझवीला सांगितलं, हिला खोकताना पोटाला उशी धरायला शिकवा, उठवू नका.

मंत्र्यांनी त्याच दुपारी बोलावलं होतं. त्यांच्या दालनात थंडगार हवा होती आणि टेबलावर केवुमची बशी. तेलात तळलेले ते काळसर गोड वडे मंत्री एकामागून एक खात होते आणि बोटं फायलीच्या कोपऱ्याला पुसत होते. "लोक चिडलेत, डॉक्टर. मी नाही हो चिडलो, मी शिकलेला माणूस आहे. पण मतं शिकलेली नसतात. पुन्हा पिरित करू. पुन्हा दोरा बांधू. या वेळी मुहूर्तावर, ढोल-ताशात, सगळा देश बघत असताना. आणि ती मळ्यावरची मुलगी, तिलाही आणू. तिच्याही हातात सूत देऊ. तमिळ मुलगी, सिंहली डॉक्टर, एक दोरा. काय चित्र आहे, बोला."

"तिला हलवता येणार नाही. टाके कच्चे आहेत."

"हलवायचं कुठे, फक्त आणायचं. अँब्युलन्समधून आणू, अँब्युलन्समधून नेऊ."

"मग पुढच्या आठवड्यात करा."

"पुढच्या आठवड्यात मुहूर्त नाही." मंत्र्यांनी आणखी एक केवुम उचलला. "आणि स्पष्टच सांगतो, रागावू नका. नौदलातला तो तुमचा जोडीदार, बदली उमेदवार, तो तयारच बसलाय. कोण जाणार हे त्या परदेशी लोकांनी आपल्यावर सोडलंय. आता एक जरी पाऊल वाकडं पडलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तोही गुणी मुलगा आहे. पाच शीलं पाळतो."

सुगतच्या डोळ्यांपुढे ती पांढरी खोली आली. तिथं नौदलातला गुणी मुलगा तरंगत होता. त्याला आश्चर्य वाटलं ते मत्सराचं. तो पोटातून आला, अगदी शरीराच्या आतून, ज्या ठिकाणाची त्याला आयुष्यभर घाण वाटत आली होती. "तिला खुर्ची द्या," तो म्हणाला. "बसवूनच ठेवा. उभी करू नका."

"खुर्ची ना? दिली. एकदम गादीची."

घासाघीस करून आपण एक खुर्ची मिळवली, या विचारानं त्याला घरी जाईपर्यंत बरं वाटत राहिलं. नंतर त्याला सगळ्यांत जास्त ओकारी यायची ती या बरं वाटण्याची.

समारंभाच्या सकाळी सगळे पांढऱ्यात होते. ज्योतिष्यानं सांगितलं होतं, अंगावर पांढरं, तोंड उत्तरेला, आणि मुहूर्ताचा ढोल वाजल्यापासून दोरा बांधून होईपर्यंत कुणी मान वळवायची नाही. भिक्खू मंडपात उंच आसनांवर, लोक खाली चटयांवर. सुगत सगळ्यांत पुढे बसला होता, उजवीकडे मंत्री, मागे अम्मा. ती केगल्लहून पहाटेच्या बसनं आली होती. तिची पांढरी साडी अजून वॉर्डातल्यासारखी कडक इस्त्रीची होती. कमळांचे ढीग, उदबत्त्या, खोबरेल दिवे, आणि अंगाला अंग घासून बसलेल्या माणसांची ऊब. सुगत तोंडानं श्वास घेत होता. सूत कलशातून निघून मंत्र्यांच्या हातातून त्याच्या हातात आलं आणि मागे अम्माकडे गेलं. सूत कोरडं होतं, तरी त्याला ते ओलसर लागलं.

मग मागच्या बाजूला कुजबुज झाली, सेल्वमलरला आणलं म्हणून. ढोल अजून वाजायचा होता. सुगतनं मान वळवून पाहिलं. तिला खांबाशी उभी केली होती. खुर्ची नव्हती. खात्यातल्या कुणा भाविक अधिकाऱ्यानं ऐनवेळी ती उचलायला लावली होती. भिक्खूंच्या समोर गृहस्थानं खुर्चीवर बसायचं म्हणजे त्यांच्या आसनाची बरोबरी, ते पाप कोण घेणार? आणि चटईवर तिला टाक्यांमुळे बसता येईना. तेव्हा मधला मार्ग म्हणून तिला उभी ठेवली होती. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. इथं कुणाचाच हेतू वाईट नव्हता. तिला कुणाचातरी पांढरा झगा घातला होता, मापापेक्षा मोठा, आणि तिच्या हातात सुताचं शेवटचं टोक दिलं होतं. झग्यावर, पोटाच्या डाव्या बाजूला, एक डाग होता. गुलाबी, पाणचट, बशीएवढा. ती चिकटलेली कमळाची पाकळी असावी अशा समजानं जवळची बाई त्यावरून हात झटकत होती.

सर्जनला तो रंग कळतो. रक्त असतं तर लाल असतं, त्याची एवढी भीती नसते. हे फिकट गुलाबी पाणी वरच्या टाक्यांतून झिरपतं याचा अर्थ आतले टाके सुटलेत. वर फक्त कातडी धरून आहे. ती मुलगी आता आडवी झाली पाहिजे, याच क्षणी. एखादी मोठी उचकी, एखादा खोकला, आणि पोट उघडेल. विद्यार्थ्यांना तो हे शिकवायचा. म्हणायचा, गुलाबी दिसलं की हातातला चहा खाली ठेवा.

त्यानं ते पाहिलं. मग त्याला अम्माचे डोळे दिसले. ती त्याच्याकडे बघत होती. आणि ढोल वाजला.

सुगतनं मान उत्तरेकडे वळवली.

ढोल वाजत राहिला, शंख वाजला, भंतेंनी डोळे मिटून गाथा सुरू केली. त्या तेवढ्या वेळात माणसाचं मन किती कामं उरकतं! त्यानं स्वतःला सांगितलं की कमळाचंच पाणी असेल. मग सांगितलं की असलं जरी ते, तरी शांत उभी राहिली तर काही होणार नाही. मग, अँब्युलन्स बाहेर आहेच. मग, रिझवी बाहेर आहेच. मग, आपण आता उठलो तर धागा तुटेल, अपशकुन म्हणतील, दंगा होईल, त्यात तिलाच धक्का लागेल. हे शेवटचं तर त्याला पटलंसुद्धा. समोर म्हातारे भंते गाथा म्हणत होते. थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते, दोन्ही हातांनी वाट करून दिली असती, दयाळू माणूस होता. हेही त्याला ठाऊक होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी, गाळासारखी, ती पांढरी खोली होती. मागे सूत हलकंच ओढलं जात होतं. ते शेवटचं टोक धरलेल्या मुलीमुळे, हे त्याला न वळताही कळत होतं. भंते खाली वाकले, मनगटाभोवती सूत फिरवलं, सावकाश गाठ मारली. गाठ बसली. ढोल थांबला. मंत्र्यांनी "साधू, साधू" म्हटलं आणि सगळा मंडप साधू म्हणाला.

त्या 'साधू'च्या गजरात सेल्वमलर खोकली.

पुढचं सगळ्या देशानं पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतला डॉक्टर चटयांवरून, माणसांवरून उड्या टाकत खांबाशी पोचतो. कोसळणाऱ्या मुलीला आडवी करतो. कलशातलं पाणी ओतून भिजवलेलं वस्त्र तिच्या उघड्या पोटावर दाबून धरतो. दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तात आहेत, आणि मनगटावर ताजा दोरा, तोही रक्तात. हाच फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर होता. बादलीतल्या सुतावर रक्त लागलं तेव्हा ज्यांनी थुंकून घेतलं, त्यांनीच हा फोटो कापून देवघरात लावला. रक्त तेच, मुलगीही तीच. चौकातला पुठ्ठ्याचा सुगत धुऊन काढण्यात आला. एका सकाळी तोच रिक्षावाला गळ्यात हात घालता घालता राहिला आणि म्हणाला, "भाडं नको मला, डॉक्टरसाहेब. तुमच्याकडून भाडं घेतलं तर हात झडतील." सुगतनं रिक्षा थांबवायला लावली आणि गटाराच्या कडेला उभा राहून ओकला. रिक्षावाल्यानं हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "श्रम फार झाले तुम्हाला," तो म्हणाला.

सेल्वमलर वाचली. रिझवीनं पोट पुन्हा शिवलं, जखम चिघळली, ताप आला, उतरला. आता जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, पोटाला जन्मभर पट्टा. बंगलेवाल्यांनी दुसरी मुलगी ठेवली. सेल्वमलर मळ्यावर परत जायच्या दिवशी सुगत तिला भेटायला गेला तेव्हा ती उठून त्याच्या पायाशी वाकायला लागली आणि पट्ट्यानं अडकली. "सर धावले म्हणून मी आहे," ती म्हणाली. "सगळे नुसते बसले होते." त्याला तोंड उघडून सांगायचं होतं. तोंड उघडलंही. मग तो म्हणाला, "खोकताना उशी धरत जा."

इरोमीला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "झोप आता. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?" तिनं त्याला माफ केलं नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं. तेही त्याला घाणच वाटलं, पण तो झोपला.

दोरा मनगटावर होता. रोज अंघोळीत भिजायचा, दिवसभर वाळायचा नाही. धुतला तरी रक्ताचा तपकिरी डाग जात नव्हता. कात्री घरात होती, पण कापला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. तो परदेशी तळावर जायची वाट बघत राहिला. तिथले लोक असलं काही अंगावर ठेवू देत नाहीत. तिथं दुसरं कुणीतरी कापेल.

निघण्याच्या दिवशी तो केगल्लला गेला. मोठ्या प्रवासाला निघताना आईच्या पायांवर डोकं ठेवायचं, ती डोक्यावर हात ठेवून त्रिरत्नांचं शरण म्हणणार, ही घराघरातली रीत. अम्मा खुर्चीत बसली होती. तिनं किरीबत, दुधातला भात, करून ठेवला होता. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली होती, फोनवर, जेवणाचं, हवेचं. त्या सकाळचं काही नाही. तो गुडघ्यांवर बसला, कपाळ तिच्या पावलांना टेकवलं. तोच वास आला, जंतुनाशकाचा, आणि त्याच्या खालचा दुसरा. इतकी वर्षं निवृत्त होऊनही. या वेळी त्यानं श्वास रोखला नाही. तो वाट बघत राहिला. डोक्यावर हात आला नाही.

"अम्मा," तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "तू पाहिलंस ना?"

"गुलाबी होतं," ती म्हणाली. "तू पाहिलंस तेव्हाच पाहिलं. मीही बसून राहिले. वाटलं, सुगत उठेल."

पंखा फिरत होता. बाहेर शेजारची पोरं 'डॉक्टरमामा' म्हणून ओरडत होती. त्यानं मनगट पुढे केलं. "हा कापून टाक. तू काप. गॉजमध्ये गुंडाळ, कुठेही ठेव. मला सहन होत नाही."

तिनं त्याचं मनगट हातात घेतलं, पट्टी तपासावी तसं उलटसुलट करून पाहिलं, दोऱ्याखालच्या लाल झालेल्या कातडीवरून अंगठा फिरवला. मग मनगट त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी बसून राहिलास, ते बरोबर घेऊन जा."

मग तिनं त्याला किरीबत वाढला, आणि तो जेवला.

परदेशच्या तळावर पोशाख चढवायच्या खोलीत सगळं पांढरं होतं. छायाचित्रातल्यासारखंच. कसलाही वास नव्हता. एक उंच, तरुण तंत्रज्ञ त्याचा हातमोजा हातात घेऊन समोर बसला आणि त्याला मनगटावरचा तपकिरी, चिकट दोरा दिसला. "हे काढावं लागेल, डॉक्टर," तो नम्रपणे म्हणाला आणि ट्रेमधली कात्री उचलली.

याच कात्रीची सुगत इतके दिवस वाट बघत होता. त्यानं हात मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "वर पट्टी मारा."

तंत्रज्ञानं काचेपलीकडच्या वरिष्ठांना विचारलं. काचेमागे वेरगोडा मंत्री होते, त्यांनी दोन्ही हात जोडून जोरात मान हलवली, कॅमेऱ्यांनीही पाहिलं. परवानगी मिळाली. तंत्रज्ञानं दोऱ्यावर पांढरी चिकटपट्टी काळजीपूर्वक गुंडाळली, कडा दाबून बसवल्या.

"तुमची श्रद्धा मोठी आहे," तो आदरानं म्हणाला.

सुगतच्या घशाशी आंबट आलं. त्यानं ते गिळलं आणि दुसरा हात पुढे केला.